पावलांची परची

सकाळी नऊला मी कॉरिडॉरमध्ये शिरलो तेव्हा एक म्हातारी वाकून जमिनीला नमस्कार करत होती. तिच्यासमोर झेंडूची दोन फुलं आणि चिमूटभर कुंकू पडलेलं होतं. तिच्या मागे पंधरा-वीस माणसं भिंतीला चिकटून, एकामागे एक, आडवी सरकत पुढे जात होती. कॉरिडॉरचा मधला भाग पूर्ण मोकळा होता. तिथे कोणीही पाय ठेवत नव्हतं.

तो मोकळा भाग म्हणजे माझं काम होतं.

आमच्या धंद्यात हा किस्सा बराच माहीत आहे. तो असा सांगतात: एका इस्पितळाच्या ड्रॉइंगमध्ये जमिनीवर बाण दाखवले होते, पेंटरने आपल्या मनाने पावलं काढली, लोक त्यांची पूजा करायला लागले. ऐकणारे हसतात. मग सांगणारा बोट वर करून म्हणतो, म्हणून साइटवर ड्रॉइंगच्या बाहेर जायचं नाही.

हा किस्सा मीच पसरवला. तो खोटा आहे. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

मी देवासचा. आमचे पूर्वज संस्थानच्या नोकरीत इकडे आले आणि राहिले. मी इंदूरच्या एका फर्ममध्ये साइनेज प्लॅनर होतो. माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटायचं की जावई पाट्या रंगवतो. तसं नाही. पाटी रंगवणारा वेगळा. कुठल्या वळणावर पाटी हवी, कुठे नको, ती किती उंच असावी, तिच्यावर काय असावं, हे ठरवणारा तो प्लॅनर. नवखा माणूस इमारतीत शिरतो. चालता चालता एका जागी थबकतो आणि इकडे की तिकडे असा विचार करतो. त्या जागेला आम्ही डिसिजन पॉइंट म्हणतो. अशी प्रत्येक जागा शोधायची आणि माणूस थबकायच्या आत त्याला उत्तर द्यायचं. सगळं काम एवढंच आहे. चालणारा माणूस पाटीला दोन-तीन सेकंद देतो. त्यात त्याला कळलं तर कळलं.

हे इस्पितळ धार जिल्ह्यातलं, एका ट्रस्टचं. त्यांची काही चूक नव्हती म्हणून नाव देत नाही. कुक्षी, मनावर आणि त्यापलीकडच्या गावांतून पेशंट यायचे. इमारत तीन वेळा वाढवलेली होती, त्यामुळे प्रसूती विभाग अगदी आत, चार वळणं घेऊन. अडलेल्या बाया एक्स-रेच्या खोलीसमोर जाऊन बसायच्या. आमचं मुख्य काम हेच होतं, की गेटपासून प्रसूती विभागापर्यंत बाई न विचारता पोचली पाहिजे.

मी ड्रॉइंग केलं. हिंदी पाट्या आणि जमिनीवर लाल बाण. ते पास झालं. उद्घाटनाला चार दिवस उरले असताना इस्पितळाच्या अधीक्षक, एक वयस्क डॉक्टर मॅडम, माझ्याबरोबर गेटपासून चालत आल्या.

“चिटणीसजी, पढ़े-लिखों का तो हो गया,” त्या म्हणाल्या. “मेरी आधी औरतें पढ़ना नहीं जानतीं. तीर देखकर रुकती हैं, समझती नहीं. इनका क्या?”

मी म्हटलं, उद्यापर्यंत काहीतरी काढतो.

त्या रात्री घरी असताना मला पावलं सुचली. भाद्रपदात आमच्या घरी गौरी येतात. दारापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढतात. गौर हातात घेतलेली बाई त्या पावलांवर पाय ठेवत येते. मध्ये थांबून तिला घर दाखवतात, हे माजघर, हे स्वयंपाकघर, ही धान्याची कोठी. लहानपणापासून पाहिलेलं. घरात पहिल्यांदा येणाऱ्या बाईला वाट दाखवायची याहून चांगली रीत कुठे असेल? वाचता येण्याची गरजच नाही. मी खूश झालो. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादी कल्पना सुचली म्हणून मी एवढा खूश कधीच झालो नव्हतो.

सकाळी मी डायरीत माप काढलं. गेरूच्या रंगाचा दोन फूट रुंद पट्टा, कॉरिडॉरच्या मधोमध. त्यावर पांढरी पावलं. पाऊल नऊ इंच, दोन पावलांत अठरा इंच. मग पेंटरला बोलावलं.

कैलास पेंटर सोनकच्छचा. आमच्या फर्मच्या मान्य पेंटरांच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं. ब्रश हातात धरला की त्याला पट्टी लागत नसे. त्याने डायरीचं पान पाहिलं आणि मान हलवली.

“साब, ये नी चलेगा.”

“का नाही?”

“ये तो पगल्ये हैं. दिवाली पे औरतें मांडने में बनाती हैं, लछमी के. गेरू पे सफेद. उनपे कोई पाँव नी धरता.”

“अरे भिया, इस्पितळ आहे. इथे कोण लक्ष्मी शोधत बसणार?” मी हिंदी-मराठी मिसळूनच बोलायचो, त्याला समजायचं.

“धरती पे तो नी धरेंगी, साब. दीवाल पे बना दो. कमर की ऊँचाई पे लाल पट्टा, और मोड़ पे माँ-बच्चे का चित्तर. हाथ फेरती-फेरती चली जाएगी.”

“वेळ नाही. पावलंच काढ.”

त्याने पुन्हा एकदा सांगून पाहिलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मग तो म्हणाला, “तो परची बना दो.”

परची म्हणजे साइट चेंजची परची. पास झालेल्या ड्रॉइंगमध्ये जागेवर बदल करायचा असेल तर प्लॅनरने ती भरायची. साइट कुठली, बदल काय, कोणाच्या सांगण्यावरून, सही. तीन प्रती. एक ऑफिसला, एक काम करणाऱ्याला, एक साइटच्या फाइलला. काम करणाऱ्याचं संरक्षण तेवढंच असतं.

“संध्याकाळी करतो,” मी म्हटलं. “मी आहे ना.”

संध्याकाळी मी विसरलो. दुसऱ्या दिवशी आठवलं तेव्हा तीन वळणं रंगवून झाली होती. आता कशाला, असं वाटलं.

उद्घाटन छान झालं. पाहुणे आले, पावलांवरून ऐटीत चालत गेले. सगळ्यांच्या पायांत बूट होते. मॅडमनी माझं कौतुक केलं. मी कैलासकडे पाहून भुवया उडवल्या. तो म्हणाला, “साब, ये तो बूट वाले हैं. हाट के दिन देखना.”

हाटाचा, म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस तिसरा होता. सुरुवातीला लिहिली ती सकाळ त्याच दिवसाची. बाजाराला येणाऱ्या बाया दवाखानाही उरकून घेतात, म्हणून गर्दी दुप्पट. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर माणसं, मध्ये पट्टा. चालायला जागाच उरली नाही. मी वॉर्डबॉयला म्हटलं, लोकांना मधून चालायला सांग. तो स्वतःच भिंतीकडून चालत होता.

त्या दुपारी कुक्षीच्या बाजूची एक बाई आली. बरोबर सासू आणि नवरा. कळा सुरू होत्या, पाणी गेलेलं होतं. गेटमधून आत आल्यावर पट्ट्यापाशी सासू थांबली. भिंतीच्या कडेला गर्दी होती आणि सुनेला दोन्हीकडून धरून आडवं नेता येत नव्हतं. मधून न्यायला सासू तयार होईना. एका नर्सने तिला सांगून पाहिलं. सासूचं उत्तर त्या नर्सनेच नंतर मला सांगितलं. लक्ष्मीच्या पावलांवर हे पाणी सांडू द्यायचं का? पोरीचं बाळंतपण धड होईल का मग?

नर्स स्ट्रेचर आणायला गेली. तेवढ्यात सासूने सुनेला बाहेर काढलं आणि इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला नेलं. तिथलं दार आतून बंद होतं. मागच्या पायरीवर बाळ झालं. दार उघडेपर्यंत ते निळं पडलं होतं.

दोघं वाचली. बाळाला इस्पितळाच्या गाडीने इंदूरला हलवलं आणि दहा-बारा दिवसांनी ते घरी गेलं. पण ते त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी फक्त पायरी माहीत होती.

मी देवासला घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, “अहो, आपली गौर पावलांवरून चालत येते. त्यांची लक्ष्मी चालून गेलेली असते. उमटलेल्यावर कोण पाय देईल?”

चार पिढ्या आम्ही माळव्यात आहोत. शेजारच्या दारातले मांडणे, त्या गेरूवरच्या पांढऱ्या रांगोळ्या, मी दर दिवाळीला ओलांडून गेलो असेन. हे मला तिने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. कैलासने सांगितलं तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी होती. इंदूरहून आमचे मालक, सेठीजी, आले. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी मला बाजूला घेतलं.

“पैर आपने बोले थे?”

“हो.”

“परची बनी?”

“नाही.”

“तो बात खत्म. परची नहीं, तो ऑर्डर नहीं.” त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. “अगला फेज़ बड़ा है, चिटणीसजी. और चीफ प्लॅनर की कुर्सी भी खाली हो रही है. सोच लो.”

मला कोणी धमकावलं नव्हतं, हे इथे स्पष्ट लिहितो. नोकरी जाणार नव्हती. फार तर ती खुर्ची गेली असती.

मॅडमच्या खोलीत आम्ही बसलो. कैलास दाराशी उभा होता. त्याला कोणी बसायला सांगितलं नाही.

“ये पैर किसने बनवाए?” मॅडमनी विचारलं.

सेठीजींनी टेबलावर ड्रॉइंग उलगडलं. “देख लीजिए मैडम. हमारे यहाँ कहीं पैर नहीं है.”

“चिटणीसजी, आपने कहा था?”

मी म्हटलं, “मैडम, ड्रॉइंग में तो तीर हैं.”

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता.

मॅडम कैलासकडे वळल्या. “तुम क्या कहते हो?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. दोन-तीन सेकंद. पाटीला देतात तेवढेच. मग म्हणाला, “साब सही कै रिये हैं. ड्रॉइंग में तो तीर ही हैं.”

“फिर पैर क्यों बनाए?”

“गलती हो गी, मैडम.”

चौकशी संपली. कैलासचं नाव यादीतून कापलं गेलं.

पावलं त्याच दिवशी काढून टाकायची होती. सफाई कामगारांनी साफ नकार दिला. लक्ष्मीची पावलं खरवडून पाप कोण घेणार? शेवटी कैलासनेच पट्ट्यापुढे बसून हात जोडले, काहीतरी पुटपुटला आणि घासायला लागला. पत्र्याच्या तुकड्याने, पाऊल न् पाऊल. मी दुसऱ्या टोकाला उभा राहून पाहत होतो.

संध्याकाळी स्टँडकडे निघताना तो माझ्यापाशी आला.

“साब, भीतर तो निपट गी. बाहर तो सही बात कोगे नी?”

“सांगेन.”

“सोनकच्छ से इत्ते तक अपना नाम है, साब. लोग बोर्ड देख के पूछते हैं, किसके हाथ का है. काम तो दूसरा मिल जाएगा. नाम का देख लेना.”

“सांगेन म्हटलं ना.”

आठ दिवसांत मी नवीन ड्रॉइंग दिलं. भिंतीवर कमरेच्या उंचीला लाल पट्टा, प्रत्येक वळणावर आई आणि बाळाचं चित्र. बाया भिंतीवरून हात फिरवत सरळ आत जायला लागल्या. मॅडमनी पत्र पाठवलं, ‘अत्यंत सराहनीय समाधान’. मी ते फ्रेम केलं. चीफ प्लॅनर झालो. ती पद्धत नंतर आम्ही बऱ्याच ठिकाणी वापरली आणि सगळीकडे ती माझी म्हणून ओळखली जाते.

बाहेर खरं सांगायचं राहिलं. कोणी विचारलंच नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. पुढे निवृत्त झाल्यावर मला नव्या पोरांच्या ट्रेनिंगला बोलवायला लागले. साइटवरच्या शिस्तीबद्दल बोलायचं असायचं आणि उदाहरण हवं असायचं. पहिल्यांदा मी पेंटरचं नाव घेतलं नाही. दुसऱ्यांदा ‘सोनकच्छचा एक पेंटर’ म्हटलं, कारण त्याने किस्सा जास्त खरा वाटतो. तिसऱ्यांदा नाव घेतलं. म्हातारी नमस्कार कशी करते ते मी वाकून करून दाखवायचो. लोक टाळ्या वाजवायचे. बाळाचा भाग मी गाळत असे.

गेल्या हिवाळ्यात इंदूरला असंच ट्रेनिंग होतं. मी पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत. स्टेजवर एक तरुण आर्किटेक्ट तोच किस्सा सांगत होता, माझ्याच हावभावांसकट. हसून झाल्यावर मागून एका मुलीने हात वर केला.

“सर, ड्रॉइंग में ऍरो थे, ऍरो आसान हैं. पेंटर ने ज़्यादा मेहनत वाला काम अपने मन से क्यों किया? उसको क्या मिला?”

आर्किटेक्टने माझ्याकडे पाहिलं. “सर बताएँगे.”

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, चहाच्या वेळी बोलू. चहाच्या वेळी मी निघून आलो.

पुढच्या आठवड्यात देवासहून सोनकच्छची बस धरली. जुनी डायरी बरोबर घेतली. धान्याच्या मंडीमागच्या गल्लीत विचारलं तर लगेच सापडला. कैलास एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाचं नाव रंगवत होता. अक्षर तसंच होतं, फक्त आता डावा हात उजव्या मनगटाखाली टेकलेला.

“कैलास भिया.”

त्याने वळून पाहिलं. “चिटणीस साब! बुढ़ा गए.”

“तुम भी.”

“अपन तो धूप में बुढ़ाए. तुम पंखे के नीचे कैसे बुढ़ा गए?” त्याने पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.

मी बसलो आणि सगळं सांगितलं. ट्रेनिंग, किस्सा, नाव, टाळ्या. तो अक्षर भरत राहिला.

“पता है,” तो म्हणाला. “मेरे कने भी आया था वो किस्सा. मंडी में एक ठेकेदार सुना रिया था. उसको नी मालूम था कि कैलास मैं हूँ.”

“फिर?”

“फिर क्या. सब हँसे, अपन भी हँस दिए.”

मी डायरी उघडून ते पान दाखवलं. माझं अक्षर, माझं माप.

“मेरे को काय को दिखा रिये हो? मैं तो वहीं था.”

“मैं इसे लिखूँगा. छपवाऊँगा.”

“काय में? मराठी में?” तो हसला. “वाह साब. सोनकच्छ में कौन बाँचेगा? तुम्हारे बच्चे भी नी बाँचते होंगे.”

ते खरं होतं. त्याने ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले.

“परची बना दो,” तो म्हणाला.

“अब?”

“अब. तब तो शाम को बनाने वाले थे.”

परचीचं बुक आता कुठलं असायला. मी डायरीतली तीन कोरी पानं फाडली. नमुना मला नीट आठवेना. त्याला सगळा पाठ होता. तो एक-एक रकाना सांगत गेला, मी लिहीत गेलो. तारखेपाशी मी जुनं वर्ष लिहायला लागलो. त्याने माझा हात धरला.

“आज की डालो. उस दिन की डालोगे तो ये भी झूठी हो जाएगी.”

मी आजची तारीख टाकली, सही केली. त्याने तिन्ही प्रती चष्मा लावून वाचल्या. “दीवाल वाली बात नी लिखी.” मी तीही लिहिली. मग त्याने खाली सही केली, आपली प्रत घडी घालून खिशात ठेवली आणि पुन्हा ट्रॉलीकडे वळला. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

साइटची प्रत मी इस्पितळाला पोस्टाने पाठवली. पोच आलेली नाही. ट्रेनिंगवाल्यांना डायरीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यांनी कळवलं की किस्सा आता गाळला आहे. मी पुन्हा लिहिलं की गाळू नका, नाव बदलून सांगा, चिटणीस म्हणून सांगा. आमची फर्म बंद झाली, त्यामुळे ऑफिसची प्रत द्यायला ऑफिस उरलेलं नाही. ती इथे देतो.

साइट: धार जिल्ह्यातलं इस्पितळ, गेट ते प्रसूती विभाग. बदल: जमिनीवर बाणांऐवजी पावलं. कोणाच्या सांगण्यावरून: चिटणीस, प्लॅनर. काम करणाऱ्याची हरकत: होती, दोन वेळा. दुरुस्ती: भिंतीवर पट्टा आणि चित्र. ही कैलास पेंटर यांची सूचना, काम सुरू होण्याआधी दिलेली.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी एवढंच. साइटवर तोंडी बदल सांगितला तर परची त्याच दिवशी करावी. उशिरा केली तरी ती बनते. तारीख मात्र उशिराचीच पडते.